मी बसलो की मोटार ओढत नसे

श्रीगजाननास आणि आमच्या कुलस्वामिनीस वंदन करून, या सदरासाठी वाचकांनी आपापले अनुभव कळवावेत असे संपादकांनी सुचविले त्या निमित्ताने, हे लिहावयास बसलो आहे. भूतपिशाच, दृष्ट, पायगुण यांवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आजही नाही. पाठशाळेत वाढलेला मी. जो ईश्वर मानतो त्याला अपशकुन मानण्याचे कारणच उरत नाही, असे शिष्यांना सांगत आलो. तरीही ही हकिकत आठवली की मान खाली जाते... भीतीने नव्हे, लाजेने.

१९७२च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला राहत होतो. माझा धाकटा भाऊ आदल्या वर्षी अल्पशा आजाराने गेला होता. त्याची पत्नी शालिनी प्रशिक्षित परिचारिका. भावाची जुनी काळी मोटार स्वतः चालवीत ती आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणांसाठी जाई. तिने मोटार चालवावी हे मला रुचत नव्हते, पण मी बोलत नसे.

एकदा श्रीरामपूरहून येताना मी प्रथमच तिच्यासोबत बसलो. कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि इंजिन नुसतेच गर्जू लागले. मोटार मात्र जागची हलेना. मागून आलेली बैलगाडी आम्हांला ओलांडून गेली. गाडीवान वळून म्हणाला, "शास्त्रीबुवा, येता का आमच्या गाडीत? बैलं म्हातारी हायेत, पन चढ चढत्यात."

शालिनी हळूच म्हणाली, "अण्णा, मी एकटी असते तेव्हा असं होत नाही."

मला ती सबब वाटली. पुढे आणखी दोनदा तिच्यासोबत गेलो, दोन्ही वेळा तेच. घरी सौभाग्यवती ओसरीवरून, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आधी नवरा गेला, आता त्याची मोटार. पायच पांढरा, त्याला कोण काय करणार." मी ते ऐकले आणि पोथीचे पान उलटले. मग शालिनीला बोलावून सांगितले, की बाईमाणसाच्या हातून यंत्र बिघडते आहे, तेव्हा मोटार विकून टाकू. गुरुवारी नगरहून गिऱ्हाईक येणार आहे. मोटार गेली की तिचे काम सुटणार आणि काम सुटले की तिला माहेरी, तिच्या भावाच्या दारात जाऊन राहावे लागणार, हे मला ठाऊक होते.

ती म्हणाली, "विका. पण त्याआधी केडगावच्या सुभेदारांना दाखवू द्या. खोट गाडीत आहे की माझ्यात, एवढं तरी कळू दे."

सुभेदार माझ्या दिवंगत भावाचे स्नेही. लष्करी गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना पाणीही पचत नसे. गुरुवारी सकाळीच ते हत्यारे घेऊन आले.

"क्लच घसरतोय," खाली न वाकताच ते म्हणाले. "इंजिन फिरतंय, पन जोर चाकापत्तुर जात न्हाई. वहिनी पाय पेडलवर ठिवून चालवत असतील. समद्या बायका तसंच करत्यात."

"तुम्ही किती बायका शिकवल्यात, सुभेदार?" शालिनीने विचारले.

सुभेदार मोटारीखाली शिरले. पेडल दाबताना सुरुवातीला जी सैल चाल असते ती जेवढी हवी तेवढीच होती. क्लचवर तेल गळत असेल म्हणून पाहिले. सगळे कोरडे ठणठणीत. तरीही समाधानासाठी त्यांनी एक नट अर्धा आटा फिरवला आणि अंगणातच परीक्षा मांडली. हँडब्रेक ओढायचा, मोटार वरच्या गिअरमध्ये टाकायची आणि क्लच सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून तिथेच बंद पडते; घसरत असेल तर चालूच राहते.

शालिनीने क्लच सोडला. इंजिन बंद.

"झालं काम," सुभेदार म्हणाले. "शास्त्रीबुवा, बसा मागं. देवळापत्तुर चक्कर मारून या."

मी बसलो. निघण्याआधी खात्रीसाठी पुन्हा तीच परीक्षा. या वेळी इंजिन चालूच राहिले... जळका वास सुटला.

सुभेदारांनी मला उतरवले. इंजिन बंद पडले. बसवले — चालू. मग शेजारचे गिरणीवाले बाबूराव, जे वजनाने माझ्या दुप्पट भरतील, त्यांना बसवले. इंजिन तत्काळ बंद. स्वतः सुभेदार बसले. तरीही बंद. अखेरीस पुन्हा मी बसलो, मनात नामस्मरण करीत. इंजिन गुरगुरतच राहिले.

"बास करा, प्लेट जळून जाईल," सुभेदार म्हणाले. हात पुसत ते माझ्याकडे न पाहता पुढे बोलले, "शास्त्रीबुवा, आता ह्येच जर वहिनी बसल्यावर घडलं असतं, तर आपन काय म्हनलो असतो?"

बाबूराव हसू दाबत होते. ओसरीवर सौभाग्यवती पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शालिनीने मात्र इंजिन बंद केले. किल्ली काढून तिने ओसरीच्या कडेला ठेवली. ती बोलली असती तर मला सोपे गेले असते.

दुपारी गिऱ्हाईक आले. मोटार फिरवून पाहिली, कालव्याच्या पुलावरूनही नेली. परत येऊन म्हणाले, "झकास ओढते की. मग विकता कशाला?"

"विकायची नाही," मी म्हणालो. "क्षमा करा, आपल्याला उगाच हेलपाटा पडला. मोटार उत्तम आहे. घरातल्या एका माणसाचा पायगुण तेवढा तिला मानवत नाही."

गृहस्थांनी समजल्यासारखी मान हलवली आणि शालिनीकडे पाहिले.

"ती नव्हे," मी म्हणालो. "मी."

त्यानंतर शालिनीने ती मोटार पुष्कळ वर्षे चालविली. ती मला पुनःपुन्हा म्हणे, "अण्णा, बसून तर पाहा," पण माझे धैर्य झाले नाही. असे का घडले, याचा उलगडा मला शास्त्रात सापडला नाही आणि सुभेदारांना यंत्रातही सापडला नाही. पायगुणावर माझा विश्वास आजही नाही.

वाचकहो, आपल्या घरी अन्न आणि आरोग्य नित्य नांदो, बाहेर गेलेली माणसे सुखरूप परतोत, आणि आपल्या उंबरठ्याआत कोणासही अपशकुनी म्हटले न जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना. शुभं भवतु.