पायांनी तुडवलेली द्राक्षं

कलकत्त्याच्या आमच्या घरात, औषधांच्या फडताळात, स्पेनची तांबडी वाइन होती असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. ती माझ्या आईसाठी आणली होती आणि आईने तिचा थेंबही घेतला नाही.

टायफॉइडमधून आई उठली ती नावालाच. अन्न नको, पाणी नको. आमच्या बंगाली डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, जेवणाआधी दोन चमचे तांबडी वाइन द्या, भूक लागायला हवी, नाहीतर ह्या काही तग धरत नाहीत. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. जन्मात सुपारीचं खांडही कुणाकडून फुकट न घेतलेला माणूस. त्यांनी धर्मतल्ल्याच्या दुकानातून रीतसर पैसे मोजून परवडेल ती बाटली आणली.

"आपल्या मुंबईकडे असता तर दारूबंदीत आत टाकलं असतं तुम्हाला," आई म्हणाली. पण चमचा तिने हातात घेतला होता. आणि तिथेच बाबांनी घोळ घातला.

तिला धीर यावा म्हणून ते माहिती सांगत बसले. बोटीवरच्या एका गोवेकर बटलरकडून त्यांनी ती मिळवली होती. तिकडे म्हणे ही साध्या माणसांची वाइन, जेवताना म्हाताऱ्या बायकासुद्धा घेतात. दोन-तीन जातींची द्राक्षं एकत्र करतात. एक रंग देतं, एक गोडी. गावातले सगळे आपापला माल एकाच ठिकाणी आणून ओततात, म्हणून स्वस्त. मग दगडी हौदात उतरून पायांनी तुडवतात.

"पायांनी?" आईने विचारलं.

"धुऊन गं."

आईने चमचा खाली ठेवला. ती नाशिककडची, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. खाली पडलेला मणी उचलून कपाळाला लावणारी बाई. अन्नाला पाय लागलाच कसा, एवढंच ती म्हणाली. डॉक्टर चिडले, बाबांनी हात जोडले, मी रडले. ती काही बधली नाही. मला तिचा राग येई आणि बाबांचा त्याहून जास्त. नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं?

बाबांनी मग वेगळंच काढलं. मामाने नाशिकहून हिरव्या द्राक्षांची करंडी पाठवली होती. बाबांनी न्यू मार्केटातून काळी आणली, अंघोळ करून धूतवस्त्र नेसले आणि आईच्या खाटेसमोर परातीत दोन्ही हातांनी द्राक्षं कुस्करायला बसले. रस, सालं, सगळं लोणच्याच्या बरणीत भरलं. वर फडकं बांधलं. "काळी अजून घाला, नुसत्या हिरव्यात जीव नसतो," आई पडल्या पडल्या सांगत होती. कित्येक दिवसांनी ती इतकं बोलली.

रोज बाबा लाकडी डावाने वर आलेली सालं खाली दाबत. बरणी आतून फसफसे. आई ती खाटेजवळ आणायला लावी, कान देऊन ऐके आणि गालात हसे. सालं गाळून टाकली, तरी बटलरने बजावलं होतं की निवळेपर्यंत हात लावायचा नाही. बाबा शब्दाचे पक्के.

एका संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, "अहो, द्या ना चमचाभर. आज घ्यावीशी वाटतेय."

"कच्ची आहे गं अजून. बाधेल. थोडे दिवस थांब."

"बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बाबांनी बरणीचं फडकं सोडलं. कधीही दारूला न शिवलेल्या त्या माणसाने तिचाच चमचा घेतला, त्यात थोडी ओतली आणि ते प्यायले. मग रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाले, "घेतली असतीस तरी चाललं असतं गं."