सासरची हवा, माझ्या शिंका

बोलक्या माणसाचे किस्से बोलण्यातच खर्च होऊन जातात. माझ्यासारखीकडे मात्र ते साचतात, वेचणी करणाऱ्या बाईच्या ओटीत कापूस साचतो तसे. एकेक बोंड हलकंच असतं, पण तासाभरानं कंबर बोलायला लागते! लग्न होऊन मी आर्णीत आले त्याला आता वर्ष होतंय. या वर्षात मी फारसं बोलले नाही, शिंकले मात्र भरपूर. तेव्हा किस्सेही शिंकांचेच.

घरात आम्ही पाच माणसं. सासरे म्हणजे बाबा, निवृत्त विज्ञान शिक्षक. सासूबाई म्हणजे आई, शेत त्याच पाहतात. नवरा मिलिंद, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. धाकटा दीर राहुल. आणि मी, प्रज्ञा.

*

लग्नानंतर पंधराच दिवसांनी बाबा, मिलिंद आणि मी यवतमाळला एका नातेवाइकांकडे जेवायला निघालो. बाबांनी उंबरठ्याबाहेर पाय टाकला आणि मला शिंक आली. मी ओशाळले. शिंक आली की निघालेलं माणूस थांबतं, हे लहानपणापासून शेजारीपाजारी पाहिलेलं.

बाबा हसले. "आपल्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत, बेटा. शिंक म्हंजे नाकाची साफसफाई!"

मला बरं वाटलं. पण मग बाबा परत आत आले. "जरा चष्मा पुसून घेतो."

मिलिंद म्हणाला, "मी पण नाही मानत. फोन थोडा चार्जिंगले लावतो."

आई तर मानतच नव्हत्या. त्यांनी फक्त सगळ्यांना बसवून पाणी दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा निघालो, तर दुसरी शिंक. आता बाबांना गॅस बंद आहे का ते पाहायचं होतं. तिसऱ्या शिंकेपर्यंत आमच्यापैकी कोणीच काही मानत नव्हतं, आणि बस निघून गेली होती.

रिकाम्या स्टँडवर उभं राहून बाबा म्हणाले, "पाह्यलं? शिंकेनं बस चुकत नाही. उशिरा निघाल्यानं चुकते!"

*

माहेरीही हवा पालटली की मला शिंका यायच्या, पण चार-दोन. इथं सकाळी उठल्यापासून रांगच लागायची. डोळे लाल, नाक बंद. आईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेक दिला. समोरच्या शबानाचाचींनी निलगिरीची वाफ दिली. राहुलनं कुठूनतरी ऐकून मोहरीचं तेल आणलं. कोणी लसूण सुचवला, कोणी हळद. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. नवी सून नाही म्हणत नसते.

संध्याकाळी मिलिंद दुकानातून आला आणि दारातच नाक वर करून म्हणाला, "वा! आज कोन्या भाजीले फोडणी दिली व?"

मी म्हटलं, "मले."

*

शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ही अ‍ॅलर्जी आहे. हवा बदलली की नाक चिडतं. पण एवढं रोज चिडून राह्यलं म्हंजे आणखी काहीतरी आहे. एक वही करा. तारीख, हवा कशी होती, तुम्ही कुठं होत्या, किती शिंका आल्या."

वही माझी होती, पण घरात मास्तर होते. तिसऱ्या दिवशी वहीत लाल पेन दिसलं. 'शिंका २६. कालपेक्षा घसरण. प्रयत्न करावा.'

मी हसले खरी. पण त्याच वहीनं मला रडवलं. जानेवारीत आठ दिवस माहेरी, महागावकडे राहून आले. वहीत आठही दिवस शून्य! परत आर्णीत पाय ठेवला, दुसऱ्या सकाळी एकतीस.

आईंनी ते पान दोनदा वाचलं आणि वही मिटवली. गल्लीत मात्र पान न वाचताच निकाल लागला होता. "पोरीले सासर मानवून नाही राह्यलं." नळावर एक बाई मला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "त्या तिकडच्या गल्लीतल्या सुनेले बी चार दिवस म्हणून माहेरी धाडलं होतं. आली का वापस?"

मी भरलेली बादली उचलून घरी आले. घरात दोन दिवस आई माझ्याशी जेवणापुरतंच बोलल्या. मला वाटलं, बॅग भरायची कोणी सांगितल्यावर की त्याच्या आधीच?

*

बाबांना मात्र घाईचा निष्कर्ष सहन होत नाही. त्यांनी जाहीर केलं, "प्रयोग करू. एका टायमाले एकच गोष्ट बदलायची."

बदलायची गोष्ट म्हणजे आम्ही दोघं! तीन दिवस आमचा बिछाना बैठकीत. शिंका आठ. तीन दिवस स्वयंपाकघरात. शिंका पाच. मिलिंद डब्यांच्या मांडणीला पाय लावून झोपला होता. सकाळी म्हणाला, "बाबा, लग्न माह्यं झालं का तुमच्या प्रयोगशाळेचं?"

मग शेवटचा प्रयोग. आम्ही आई-बाबांच्या खोलीत आणि ते दोघं आमच्या खोलीत. आई आधी तयारच नव्हत्या. "मले कायले हालवता? मी काही शिंकत नाही."

दुसऱ्या सकाळी माझ्या शिंका चार. बाबांनी वही मांडीवर घेतली. तेवढ्यात आमच्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आल्या. नाक लाल, डोळ्यांना पदर. एक शिंक, दोन, सहा, अकरा. बाबा भरभर रेघा मारत होते.

आई ओट्यावर बसल्या. दम घेतला आणि म्हणाल्या, "बाप्पा! मले बी सासर मानवून नाही राह्यलं वाट्टे. पस्तीस वर्षांनं कळलं!"

मी पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं हसले. नळावरच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

*

मग सगळे आमच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. या खोलीत वेगळं काय आहे? पलंग तोच. कपाट तसंच. आणि अर्ध्या खोलीत खिडकीपर्यंत रचलेला कापूस. तो महिनाभर कोणाला दिसलाच नव्हता. आमच्याकडे त्या दिवसांत घरात कापूस असणं म्हणजे भिंत असण्यासारखंच. भिंतीकडे कोण पाहतं?

"पहिल्या वेच्याचा होता," आई हळूच म्हणाल्या. "साफ, पांढराशुभ्र. नव्या सुनेच्या खोलीत शोभंन म्हणून मी मुद्दाम तिथं रचला."

गलका ऐकून शबानाचाची आल्या. त्यांच्या घरी रुई पिंजून गाद्या भरतात. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारला. "या अल्लाह! हमारे यहाँ चालीस साल से मुँह बाँधे बगैर कोई रुई को हाथ नहीं लगाता. और तुमने दुल्हन को उसमें सुला दिया!"

दुपारपर्यंत कापूस मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेला. खोली ओल्या फडक्यानं पुसली, गादी उन्हात टाकली. त्या पानावर बाबांनी लाल पेनानं लिहिलं, 'उत्तम.' कोणाला, ते लिहिलं नाही.

*

एवढ्यानं सगळं संपलं नाही. हवा पालटते तेव्हा नाक चिडायचं ते चिडतंच. त्यावर डॉक्टरांनी एक गोळी आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. स्प्रे ऋतू बदलायच्या आधीच सुरू करायचा आणि नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरायचं. मला एकदा सांगितल्यावरच समजलं होतं. तरी बाबांनी बैठकीतल्या फळ्यावर खडूनं भलंमोठं नाक काढलं, आत बाण दाखवले, भागांना आकडे दिले.

दुपारी बाबांचे जुने सहकारी आले. चहा पीत बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, जिल्ह्याचा नकाशा भारी काढला. पण झरी जामणी तालुका काहून नाही दाखवला?"

*

पावसाळा सरला आणि रस्त्याच्या कडेला गाजरगवत फुललं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी स्कूटीवर जाताना तोंडाला स्कार्फ बांधायला लागले. आर्णीत स्कूटीवरची प्रत्येक मुलगी स्कार्फ बांधते, डोळे तेवढे दिसतात. एकदा बाजारात बाबांनी एका स्कूटीपुढे हात आडवा केला.

"गोळी घेतली का?"

"हो, काका."

"अन् स्प्रे?"

"तो सकाळीच मारला."

"शाब्बास. रात्री भाजी काय करू म्हणते आई?"

तेव्हा कुठं ती मुलगी गोंधळली. ती मी नव्हतेच! मी दोन दुकानं सोडून मेथी निवडत होते. पण गोळी आणि स्प्रे तिचे खरे होते. बाबा घरी येऊन मोठ्या आनंदात म्हणाले, "आपण एकटे नाही!"

*

आणि हा गेल्या महिन्यातला. राहुलसाठी मुलगी पाहायला गेलो होतो. आम्ही पाचही जण. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, खाली मान. आईंसमोर कप धरला आणि शिंकली. एक, दोन, तीन. कप बशीत वाजले. चहा सांडला. मुलीचा चेहरा उतरला.

तिची मावशी घाईनं म्हणाली, "आजच जराशी सर्दी झाली हो तिले. एरवी काही नाही. एकदम ठणठणीत हाय पोरगी!"

आईंनी मावशीकडे पाहिलंच नाही. "बस व इथं," त्या मुलीला म्हणाल्या. "कोन्या महिन्यात जास्त येतात?"

मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हलकेच मान हलवली.

"पाऊस संपला की," ती म्हणाली. "अन् होळीच्या आधी."

"सकाळी का संध्याकाळी?"

"सकाळी. झाडताना जास्त."

"मंग झाडू नको. ओल्या फडक्यानं पूस. गाद्या उन्हात टाकता का? डॉक्टरले दाखवलं का? घरात कापूस कुठं ठेवता?"

अर्धा तास आई, ती आणि मी तिघीच बोलत होतो. मी बोलत होते! बाबांनी खिशातून लाल पेन काढलं, मिलिंदनं ते परत खिशात घातलं. निघताना आईंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या आईला म्हणाल्या, "आमच्याकडून पक्कं समजा."

राहुल दारातच थांबला. "आई, अव, मले तं काही विचारूच नाही दिलं! मले पसंत हाय का, ते तरी विचार!"

आई चपला घालत म्हणाल्या, "तू गप बस. तुले शिंका येत नाहीत, तुले काय समजते!"