नाटकासाठी कौल

सांगलीहून निघताना चुलतभावाने विचारलं, मालवणला समुद्र बघायला निघालास का. मी म्हटलं, एका माणसाकडून नाटक घेऊन यायला निघालोय, समुद्र वाटेत लागला तर बघीन.

नाटकं गावोगावी नेऊन लावणं हा माझा धंदा. खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे कुणाच्या मेहेरबानीवर मोठा झालो असं मला कुणी म्हणू शकत नाही. ज्याच्याकडे निघालो होतो त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या गावात त्याला भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो; तो मला अण्णा म्हणतो. भाऊची पहिली तीन नाटकं मी केली. पोस्टातल्या कारकुनावरचं त्याचं नाटक जतपासून कऱ्हाडपर्यंत रिकाम्या खुर्च्यांपुढे मीच चालवलं. चौथं नाटक जमून आलं आणि ते त्याने मुंबईच्या कंपनीला दिलं. मला ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कळलं. पुढे त्याने जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या, सत्कार झाले, आणि मुंबई सोडून तो मालवणजवळ आपल्या गावी राहायला गेला. इतक्या वर्षांनी त्याचा फोन आला: नवं नाटक लिहिलंय, या.

गगनबावड्याच्या घाटात एसटीचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर जॅक शोधत असताना मी दरीच्या कडेला उभा राहून, भाऊशी काय बोलायचं ते ठरवत होतो. खाली उतरल्यावर हवा एकदम जड झाली. काजूची झाडं, तांबडी माती, कौलारू घरं. मालवणला पोचलो तर शर्ट पाठीला चिकटलेला. बंदरावर गेलो. किल्ला पाण्यात निवांत बसलेला होता. छान दिसतो, खोटं कशाला बोलू.

रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाही, म्हणून मासे घ्यायला वळलो. कोळणीने बांगड्याचा भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि कुणाच्या घरी जायचंय ते विचारलं. मी भाऊचं नाव घेतलं.

"भाऊंच्या घराक? मगे घासाघीस करू नको. तेंका खंयचो बांगडो लागता ता माका म्हायत आसा," असं म्हणत तिने स्वतःच वाटा लावला. मग विचारलं, "तूच काय तो सांगलीचो नाटकवालो? तेंनी माका नाटकात घातल्यानी हा. माझ्यो गाळी (शिव्या) सांगलीक नेव नको हां."

मी म्हटलं, शिव्यांवरच तर तिकिटं खपतात. ती हसली, पण मासे देताना पुन्हा तेच म्हणाली.

भाऊ धामापूरच्या वाटेवरच्या एका गावात राहतो. माडांच्या सावलीत घर, पडवीत टेबल. केस पिकलेत, आवाज तोच. जेवायला बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं दाट कालवण), भात आणि सोलकढी. दुपारी त्याने नाटक वाचून दाखवलं. गावात पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून दोन घराण्यांत वाद होतो आणि पालखी वर्षानुवर्षं देवळातच राहते, अशी गोष्ट. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण कुठे प्रेक्षक गप्प होतील ते मला ऐकतानाच कळत होतं. हे नाटक मला हवंच होतं.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, उद्या देवळात कौल घेऊ. देवाने दिलाच तर नाटक घेऊन जा.

मी भडकलो. नाटक तू लिहिलंस की देवाने, असं विचारलं.

"अण्णा, कादंबऱ्या मुंबईत बसून लिहिल्या. तेव्हा कुणालाच विचारलं नाही," तो म्हणाला. "आता ह्याच लोकांकडून मासे घेतो, ह्यांच्याच लग्नांना जातो. ही त्यांची गोष्ट आहे."

सकाळी देवळात गुरव होता, आणि ज्यांच्यावर नाटक बेतलं होतं त्या दोन्ही घराण्यांतली वडीलधारी माणसं. कौलाची रीत सोपी आहे. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं (देवापुढे बोलून मांडलेली विनंती) घातलं.

"बा देवा म्हाराजा, हो सांगलीचो पावणो तुझ्या दारात इलोसा. भाऊन लिवलेला नाटक घेवन जावचा म्हणता. नेवचा असात तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

डावी पडली.

मी विचारलं, अट बदलून पुन्हा विचारता येतं का. येतं म्हणाले. मग मी माझ्या कामाला लागलो. पहिला प्रयोग इथे, देवळासमोर. नाटकातल्या कोळणीच्या शिव्या गाळतो. घराण्यांची आडनावं बदलतो. गुरवाने सगळं देवाच्या कानावर घातलं आणि नव्या पाकळ्या लावल्या.

या वेळी एकही पडेना. सगळे वाट पाहत राहिले. शेवटी गुरव माझ्याकडे वळला. "पोटात कायतरी ठेवलंस तू. ता भायर काड."

मी देवाकडे पाहून बोलायला लागलो आणि भाऊकडे पाहून ओरडत सुटलो. तीन नाटकं मी उचलून धरली, चौथं देताना तुला माझी आठवण झाली नाही? जाहिरातीत वाचायचं मी? देवळात इतका आवाज चढवायचा नसतो, पण मला कुणी अडवलं नाही.

भाऊ खाली बघत होता. "झाली होती आठवण," तो म्हणाला. "सांगायला सांगलीपर्यंत आलो होतो. तुम्ही ऑफिसात कुणावर तरी असेच ओरडत होतात. घाबरलो आणि तसाच परत फिरलो."

तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

गुरवाने हात जोडले. एकाच दिवशी तिसऱ्यांदा विचारत नाहीत, जत्रा झाल्यावर या म्हणाला. मी आयुष्यात अनेक नकार पचवलेत आणि प्रत्येक वेळी समोरच्याशी भांडलो आहे. इथे कुणाशी भांडणार?

भाऊ स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागली. मग म्हणाला, मुंबईचे लोकही हे नाटक मागायला येऊन गेले. त्यांना दारातूनच परत पाठवलं. "देवळात फक्त तुम्हाला नेलं, अण्णा. उजवी पडावी असं मला वाटत होतं."

सांगलीत लोक विचारतात, काय आणलंत कोकणातून. मी कोकम आणि काजू दाखवतो. जत्रेनंतर पुन्हा जाणार आहे, कारण नाटक अजून मला हवंच आहे. अडचण एवढीच, की मी आजवर घासाघीस केली ती राग सोबत घेऊन, आणि तो तिथे देवळात बोलून संपला. संपला असं म्हणतो खरा, पण त्या मुंबईच्या कंपनीचं नाव निघालं की अजून कान तापतात.