स्वराज्याचं साल नापास

आमच्या शाळेच्या गणिताच्या मास्तरांइतका बिनकामाचा हट्टी माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि कोल्हापुरात हट्टी माणसांचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही. विलायतेत विजेवर चालणारं गणिताचं यंत्र निघालंय आणि त्याला शून्य आणि एक एवढेच आकडे कळतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं. यंत्र इथं येईल तेव्हा त्याच्या पंगतीला कुठल्या संख्या बसवायच्या, याची निवड मास्तरांनी त्याच दिवशी सुरू केली. संख्या दिसली की उजवीकडून एकेक आकडा तपासायचा. शून्य किंवा एक असला तर पुढे सरकायचं, दुसरा कुठला निघाला की सबंध संख्या नापास. एकदा भर उन्हात स्टेशनवर त्यांनी सत्त्याण्णव नंबरचा टांगा नाकारला. टांगेवाला म्हणाला, "पावणं, लोक घोडं बघून बसत्यात, नंबर बघून न्हाय." मास्तर रंकाळ्यापर्यंत चालत गेले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि उरल्या वेळात पत्रकं छापायचो. छप्पर गळतंय, संस्थाचालक हारतुऱ्यांत बुडालेत, आणि हे गृहस्थ पोरांचंच यंत्र करून बसलेले. रांगेतल्या प्रत्येकाच्या पाटीवर एक आकडा. उजव्या टोकापासून एकेकानं "हाय" म्हणायचं. आकडा दोन किंवा त्याहून मोठा असला तर "न्हाय" म्हणून खाली बसायचं, की सगळी रांग खाली.

मास्तरांची नोकरी कायम करायची की नाही हे ठरवायला संस्थेचे अध्यक्ष वर्गावर आले. मी आधीच हात जोडले होते, "मास्तर, आज मुकाट्यानं त्रैराशिक शिकवा." छे. अध्यक्षांनी टोपी सारखी करत संख्या दिली, एकोणीसशे सत्तेचाळीस. सातवालं पोरगं "न्हाय" म्हणालं आणि रांग धाडकन बसली. डाव्या टोकाच्या एकवाल्याला तोंड उघडायलाही मिळालं नाही.

"स्वराज्याचं साल नापास?" अध्यक्ष म्हणाले. "मास्तर, एवढ्याला सूट द्या. पास म्हणा."

"यंत्रात सूट बसत नाही, साहेब."

बाहेर मी मास्तरांवर उखडलो. "एक शब्द बोलला असतात तर नोकरी कायम झाली असती."

"बोललो असतो की," मास्तर म्हणाले. "पण पोरांनी बरोबर सांगितलं होतं. त्यांच्यासमोर त्यांनाच खोटं कसं पाडू?"

मास्तर कागलकडे गेले. मी अध्यक्षांविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं. ते शेंगदाणेवाल्याला पुड्या बांधायला उपयोगी पडलं. नवे मास्तर फार समजूतदार आहेत. अध्यक्ष येतात, विचारतात, उत्तर त्यांच्या मनासारखंच निघतं. भिंतीपलीकडून आता कुणी "न्हाय" म्हणत नाही, आणि माझ्या तासाला नको इतकी शांतता असते.