लाओशींचे गरम पाणी

एप्रिलच्या उन्हात, पंखा बंद पडलेला असला तरी, आमच्या वर्गात गरम पाणी प्यावे लागे. लाओशी येताना स्टीलचा मोठा थर्मास आणत आणि तास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलीच्या पेल्यात थोडे थोडे ओतत. पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, असा नियम होता. चिनी शिकायचे तर आधी घसा चिनी झाला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. "पाहुण्याला गार पाणी देणारा त्याला लवकर घालवू बघतो," असे त्या सांगत. सुरतेत दारात आलेल्याला आधी माठातले पाणी मिळते. त्यामुळे मुली हसत, नाक मुरडत आणि पीत.

शाळा मुलींची, एका ट्रस्टची, डिंडोलीच्या अलीकडे. फ्रेंच आणि चिनी या दोन्ही भाषा त्या एकट्याच शिकवत. 'बेन' म्हटलेले त्यांना चालत नसे. फ्रेंचच्या तासाला त्या 'मादाम', चिनीच्या तासाला 'लाओशी', म्हणजे गुरुजी. मादामना मते हवी असत. शाळेच्या दोन वेण्यांपासून लग्नाच्या वयापर्यंत कोणत्याही विषयावर नुसते 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या मुलीला त्या उभे ठेवत. लाओशींना मते चालत नसत. एकच अक्षर सबंध हात फिरवून हवेत लिहायचे, खांदा दुखेपर्यंत. बाई तीच, सुती साडी तीच. मुलींमध्ये टिकले ते लाओशी हेच नाव.

त्या कतारगामात वाढलेल्या. चीनमध्ये सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांची दुभाषी म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली होती. वर्गातल्या निम्म्या मुली नवागामच्या, खानदेशी घरांतल्या. लाओशींना मराठी येत नव्हती, त्या गुजराती वळणाची हिंदी बोलत. पण चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि ते चार सूर शिकवायला त्यांनी आमच्या आयांना कामाला लावले. गल्लीच्या टोकावरून मारलेली 'माय' अशी हाक, दारातून विचारलेले 'माय?', ठेच लागल्यावर निघणारे 'माय' आणि हट्ट करणाऱ्या पोरीला दटावताना येणारे 'माय'. "चारही सूर घरून शिकून आलात. मी फक्त अर्थ बदलणार. समजी ने?" त्या म्हणत.

दहावीनंतर मला शिवणाच्या वर्गाला घालायचे घरी ठरत होते. ते कळताच लाओशी नवागामला आमच्या खोलीवर आल्या. माझे वडील, आबा, लूमवर कारागीर होते. ज्या शेठच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, ते काम करत, तोच शेठ शाळेचा मुख्य ट्रस्टी होता. लाओशी चटईवर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा जेवल्या. आईने त्यांच्यासाठी पाणी तापवले. माझ्याविषयी त्या थोडेच बोलल्या. बाकी वेळ त्यांनी आबांना लूमविषयी विचारले. बाना, म्हणजे आडवा दोरा, तुटल्याचे कसे कळते, आधी हात कुठे जातो, कोणती चूक नवा माणूस हमखास करतो. आबांच्या उजव्या हाताच्या बोटाचे एक पेर लूममध्ये गेले होते. तेही त्यांनी दाखवायला सांगितले.

आबा खूश होते. "माले मन्हं काम इचारनारी पहिलीच मास्तरीन शे," ते आईला म्हणाले. निरोप देताना लाओशींना म्हणाले, "हाई पोर आते तुमनी." मी त्याचे हिंदी करून सांगितले. लाओशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शिवणाचा विषय संपला.

पुढच्या वर्षी चिनीचा गृहपाठ बदलला. कविता आणि गोष्टी मागे पडल्या. फळ्यावर लहान लहान सूचना येऊ लागल्या, यंत्रावर असतात तशा. त्यांचे हिंदी करायचे होते. आम्हाला वाटले, परीक्षेची तयारी. प्रत्येक वाक्याआधी लाओशी एकच प्रश्न विचारत: "वाचणारा कोण आहे?" मग स्वतःच सांगत, की तो गोंगाटात उभा आहे, घाईत आहे आणि फार शिकलेला नाही. माझ्या वाट्याला आलेल्या ओळीत मूळ चिनीत इतकेच होते, की बाना तुटला, यंत्र थांबले. मी लिहिले, 'बाना टूटा. पहले हाथ बाहर.' लाओशींनी ते दोनदा वाचले. "हे चिनीत नाही, पण असायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून मिळालेली ही माझी सर्वांत मोठी शाबासकी.

दिवाळीला खाते बंद होते आणि कारागीर गावी जातात. त्या वर्षी ते परतले तेव्हा जुने लूम भंगारात गेले होते आणि जागी पाण्याच्या फवाऱ्याने बाना टाकणारे चिनी वॉटरजेट लूम उभे होते. पूर्वी जितक्या लूमना एक माणूस लागे, त्याच्या कितीतरी पट आता एकाच्या अंगावर होते. शेठने तरुण तेवढे ठेवले. आबांना एक पाळी नवे यंत्र पाहू दिले आणि मग घरी पाठवले. घरी येऊन ते हसत सांगत होते, की यंत्राच्या दिव्यांखाली हिंदी पट्ट्या चिकटवल्या आहेत, आणि बाना तुटला की यंत्र सांगते, पहले हाथ बाहर. "मशीनले आपलाच मानूसनी शिकाडेल शे," ते म्हणाले. आई रडत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. लाओशी एकट्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आमच्या घरी आलात तेव्हा?"

त्यांनी थर्मासचे झाकण लावले. "शेठच्या त्या पट्ट्यांसाठीच आले होते, दीकरी. आणि तुझ्यासाठीही. दोन्ही खरं आहे."

मग त्या म्हणाल्या, की यंत्र येणारच होते, आणि नुसत्या चिनी अक्षरांसकट आले असते तर कोणाचा तरी हात गेला असता. ते चूक नव्हते. मतभेद कसा मांडायचा हे मादामनी वर्षभर शिकवले होते. पण त्या आबांच्या ताटात जेवल्या होत्या, एवढेच डोळ्यांसमोर होते. त्यानंतर मी चिनीच्या तासाला बसले, पण पेला पुढे केला नाही. त्यांनीही ओतले नाही.

आबा आता उसाच्या हंगामात बारडोलीकडे जातात. मी एका दैनिकाच्या डेस्कवर आहे. चिनी यंत्रांच्या बातम्या माझ्याकडे येतात, कारण ती अक्षरे तिथे दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत. कॉपी हातात घेतली की आधी प्रश्न येतो तो लाओशींचाच, वाचणारा कोण आहे. आबांना मी काही सांगितलेले नाही.

गेल्या चंदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, लाओशी त्या सणाच्या मिठाईचा, घारीचा डबा घेऊन नवागामला आल्या. ट्रस्टने चिनीचा वर्ग बंद केला होता. भाषांतर आता फोन करतो, असे शेठने त्यांना सांगितले. त्या सुरत सोडून मुलीकडे बडोद्याला निघाल्या होत्या. आबांनी चटई अंथरली आणि कोणीही आले की सांगतात ते त्यांनाही मोडक्या हिंदीत सांगितले, की नोकरी गेली ती गेली, पण त्या यंत्राला आपल्याच कोणा माणसाने शिकवले होते, त्याला कारागिराच्या हाताची काळजी होती. लाओशींनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले.

"बाईले ऊन पानी दे, माय," आबा म्हणाले.

मी आत गेले. माठातले पाणी पेल्यात भरून आणले आणि त्यांच्यापुढे धरले.

लाओशींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. बाहेरून त्याला दव धरले होते. थेंबही न ठेवता त्यांनी तो संपवला, खाली ठेवला आणि उठल्या. आबा म्हणत राहिले, की आत्ताच तर आलात, चहा तरी घ्या, पोरीच्या ध्यानात राहिले नाही, पाणी तापवायला किती वेळ लागतो. लाओशी दारात चपला घालत होत्या.

"तिच्या ध्यानात आहे, भाई," त्या म्हणाल्या.