थेरपीत पहिला नंबर काढायला आलेले सर

"मॅडम, सिलॅबस काय राहील?"

व्यंकट सर अजून खुर्चीत टेकलेही नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पाणी लावून बसवलेले केस. बायकोला, रेखाताईंना, त्यांनी बाहेरच बसवलं होतं. मी म्हटलं, "आधी बसा तर सर."

बसले. "म्हणजे एकूण सेशन किती, कोणत्या सेशनला कोणता टॉपिक, आणि माणूस बरा झाला हे शेवटी ठरवायचं कसं? माझी वाचून यायची तयारी आहे."

मी लातुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. सोप्या भाषेत सांगायचं तर बोलून उपचार करते. गोळ्या लिहून देतात ते सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनाचे डॉक्टर. मी इंजेक्शन देत नाही आणि सलाईनही लावत नाही, त्यामुळं आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांना मी नेमकं काय करते हा प्रश्न पडतो. माझं माहेर उमरीचं. तिथली माझी मावशी सगळ्यांना सांगते की आमच्या पोरीला बोलायची नोकरी लागली.

व्यंकट सर फिजिक्स शिकवतात. लातुरात क्लासच्या सरांना काय मान असतो हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. चौकाचौकात त्यांचे फोटो लागलेले असतात आणि भाजी घेताना पालक मध्येच थांबवून नमस्कार करतात. सर मूळचे धर्माबादकडचे, शिकायला आले आणि शिकवायला राहिले. हातात कागद न घेता शिकवणारे आणि कधी न चुकणारे, अशी त्यांची ख्याती होती. नाव अर्थातच बदललं आहे. हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. देताना "मुद्दे क्रमानं घ्या" असंही सांगितलं.

तर मुद्दा असा, की आदल्या वर्षी एका भरल्या वर्गात बोर्डावर गणित सोडवताना पुढची ओळ त्यांना आठवलीच नाही. हॉल गच्च भरलेला आणि सगळे गप्प. छाती धडधडली, घाम फुटला. पाणी प्यायचं निमित्त करून सर बाहेर पडले. हृदयाची तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आले. पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशी घरातून निघतानाच. हळूहळू वर्ग सुटला. मग दाढी करणं सुटलं, पेपर वाचणं सुटलं, भिंतीकडं तोंड करून पडून राहणं सुरू झालं. आधी चिंता येते आणि पाठोपाठ नैराश्य घरात शिरतं, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं.

हे सगळं मला रेखाताईंनी अपॉइंटमेंट घेताना फोनवर सांगितलं होतं. सरांनी माझ्यासमोर मात्र दोनच वाक्यांत उरकलं. "थोडा स्ट्रेस होता. आता इम्प्रूव्हमेंट आहे."

पहिल्या भेटीत आम्ही उपचार फारसे करत नाही, विचारपूस करतो. झोप, भूक, घर, काम, लहानपण, आधीचे आजार. लोकांना वाटतं बाई नुसत्या चौकशा करतेय. शिंपी कापड कापायच्या आधी माप घेतो, तेवढंच आहे ते. याच भेटीत मी मरणाचे विचार येतात का हेही सरळ विचारते. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. आधीच असेल तर तो बोलून दाखवायला जागा मिळते.

सरांनी झटकन उत्तर दिलं, "नाही. अजिबात नाही. पुढचा प्रश्न?"

आमच्याकडं एक साधं माप असतं. भीती किती वाटते, शून्य ते दहा? सर म्हणाले, आठ. त्यांना मी सावकाश श्वास घ्यायचा सराव आणि सकाळी थोडं चालायला जायचं एवढा गृहपाठ दिला. पुढच्या वेळी आकडा पाचवर आला. त्याच्या पुढच्या वेळी दोनवर. झोप उत्तम, भूक उत्तम, चालणं रोज. वर "नकारात्मक विचार आला की मी त्याचं पुराव्यांच्या आधारे परीक्षण करतो" असं एक वाक्य त्यांनी मला खडाखडा म्हणून दाखवलं.

मला शंका आली. माणसाची भीती अशी पायरी पायरीनं शिस्तीत खाली उतरत नाही. आठवडाभर बरं वाटतं, मग एखाद्या सोमवारी पुन्हा सगळं कोसळतं. बोलायला लागल्यावर सुरुवातीला काही जणांना जास्तच वाईट वाटतं, कारण दाबून ठेवलेलं वर येतं. आणि हे वाक्य मी त्यांना शिकवलंच नव्हतं. सरांनी मोबाईलवर थेरपीचे व्हिडिओ बघून मॉडेल आन्सर पाठ केले होते. लातूरचा माणूस आणखी काय करणार?

त्याच सुमारास त्यांच्या क्लासच्या संचालकांचा फोन आला.

"मॅडम, आमचे सर कधीपर्यंत तयार होतील? नवीन बॅच सुरू करायलोय. त्यांच्या नावावर ॲडमिशन हायेत."

"माझ्याकडं कोण येतं, कोण नाही, हे मला सांगता येत नाही."

"अहो, मीच पाठवलंय त्यांना!"

"असेल. तरी मला सांगता येत नाही."

"मग मी कुणाला विचारू?"

"ज्यांच्याबद्दल विचारायचंय त्यांना."

संचालकांनी फोन ठेवला आणि बहुधा माझ्याबद्दल दोन शब्द काढले. पण हा नियमच आहे. इथं बोललेलं बाहेर जात नाही. बॉसला नाही, बायकोला नाही, पाठवणाऱ्या मामाला नाही. माणसाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तरच आम्ही घरच्यांना सांगतो, आणि तसं पहिल्याच दिवशी बजावूनही ठेवतो.

चौथ्या भेटीला सर नेहमीसारखेच इस्त्रीत आले. मी विचारलं, "झोप कशी आहे?"

"उत्तम. गाढ. सात तास."

बाहेर रिसेप्शनवर कुणीतरी आलं म्हणून मी उठले. दोन शब्द बोलून परत आले तर सरांची मान मागं टेकलेली, तोंड उघडं, आणि घोरण्याचा आवाज पंख्याच्या वर चाललेला. सात तास गाढ झोपणारा माणूस पाच मिनिटांत परक्या खुर्चीत असा झोपत नाही. उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी दार लोटलं, मोबाईल सायलेंट केला आणि माझ्या जागेवर बसून राहिले. अख्खं सेशन ते झोपले. पुढचा पेशंट उशिरा येणार होता म्हणून पुढचा अर्धा तासही मी त्यांना देऊन टाकला.

जागे झाले तेव्हा आधी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तोंड शक्य तेवढं सरळ ठेवून विचारलं, "सर, झोप कशी आहे?"

ते हसले. हसता हसता चेहरा वाकडा झाला आणि ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. बोर्डावरची मराठी गेली आणि घरची आली.

"न्हाई ओ मॅडम. लई दिवस झाले, झोपच न्हाई. रातभर छताकडं बघत पडतो. चालायला बी गेलो न्हाई एकदा बी. समदं खोटं सांगितलं."

"का?"

"तुम्हाला वाटलं असतं, ह्याला एवढं बी जमत न्हाई."

मी पहिल्या दिवशीचा मरणाच्या विचारांचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उत्तर लगेच आलं नाही.

"मरायचं असं न्हाई. पर झोपावं अन् उठूच नये, असं वाटतं. रोज वाटतं."

मला भीती वाटली. पाठ केलेली उत्तरं मी तशीच मान्य करत राहिले असते तर हा माणूस माझ्याकडून "बरा" होऊन घरी गेला असता, आणि पुढं काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. त्यांना विचारूनच मी रेखाताईंना आत बोलावलं. सरांनी स्वतः त्यांना सांगितलं. त्या नवऱ्याचा हात घट्ट धरून बसल्या. त्याच दिवशी सायकिअॅट्रिस्टकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस एकटं सोडायचं नाही असं ठरलं. म्हणून धर्माबादहून सरांच्या आई येऊन राहिल्या. त्या तेलुगूमिश्रित मराठीत सरांना जेवायला दटावायच्या आणि सर मुकाट्यानं जेवायचे.

खरी थेरपी तिथून सुरू झाली. आकडा दोनवरून थेट नऊवर गेला. सर खजील झाले. मी म्हटलं, "अभिनंदन. पहिल्यांदा खरा आकडा आला."

झोप थोडी लागायला लागल्यावर आम्ही एक्स्पोजर सुरू केलं. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याकडं बेताबेतानं जायचं, पळायचं नाही. घाबरत घाबरत तिथंच थांबलं की भीती आपोआप उतरते, हे शरीराला कळू द्यायचं. सर आधी क्लासच्या रिकाम्या हॉलमध्ये नुसते बसून आले. मग रिकाम्या बाकांसमोर बोर्डावर लिहून आले. मग दोन सहकाऱ्यांना समोर बसवून शिकवलं. एका आठवड्यात जिन्यावरूनच परत फिरले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेही होतंच. दोन दिवसांनी परत गेले.

मग एका छोट्या बॅचवर शिकवायला लागले, पण मला सांगून टाकलं, "रात्री चार वेळा उजळणी करून जातो. चूक होऊ देत न्हाई."

म्हणजे मूळ दुखणं जागेवरच होतं. मी म्हटलं, "या आठवड्याचा गृहपाठ. बोर्डावर एक चूक करायची. मुद्दाम."

"मुद्दाम चुकायचं?"

"हो."

"लातुरात?"

"लातुरातच. पुण्यात चुकून काय उपयोग?"

"पोरं व्हिडिओ काढतील मॅडम. पालक येतील. शेजारचा क्लासवाला पेढे वाटल."

"वाटू द्या. आपल्याला बघायचंय की तुम्हाला वाटतं तसं खरंच होतं का."

दोन वेळा त्यांनी टाळाटाळ केली. एकदा म्हणाले टॉपिक चुकीला योग्य नव्हता. तिसऱ्या वेळी आले ते तणतणतच. सँडल काढायच्या आधीच सुरुवात.

"मॅडम, काय सांगू तुम्हाला! अधिकच्या जागी उणे लिहिलं. एवढं मोठं. छाती धडधड, हात गार. वळून उभा राहिलो, म्हटलं आता ओरडतील. तर पोरं मुंडी खाली घालून उतरवून घ्यायलेत! एकानं बी हात वर केला न्हाई. मी बाजूला सरकलो, नीट दिसावं म्हणून. तरी न्हाई! शेवटी मीच ओरडलो, अरे चुकलोय की मी, कुणाचं ध्यान हाय का इकडं?"

मला हसू आवरेना. "आणि भीती?"

"राग आला तेव्हा भीती कुठं गेली ध्यानातच आलं न्हाई." मग हळूच म्हणाले, "वर्षभर मी ज्याला भ्यालो मॅडम, ते कुणाला दिसत बी न्हाई."

आज सर दोन बॅचेस घेतात. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी थांबवा म्हणेपर्यंत चालूच राहतील. महिन्यातून एखादा दिवस वाईट जातो आणि तो ते मला वाईट गेला म्हणूनच सांगतात. थेरपीत चांगला पेशंट म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच आहे.

पण मुद्दाम केलेली चूक सांगायला सर आले, त्या दिवशीची गोष्ट तिथं संपली नव्हती. सर निघताना दारात थांबले. म्हणाले, मी चुकलो असं सांगून बोर्ड पुसल्यावर वर्ग सुटला, तरी एक मुलगी बाकावर बसून राहिली. हॉस्टेलला राहणारी, किल्लारीकडची, हुशार. तिनं विचारलं, "सर, चुकल्यावर तुम्हाला श्वास घेता येतो?"

सर तिच्या शेजारच्या बाकावर बसले. तासभर बसले. मग तिच्या देखतच तिच्या आईला फोन लावला. आता त्या दोघी कुठं जाऊ विचारत होत्या.

"पोरगी भेली हाय मॅडम. थेरपी म्हणजे काय करतात, म्हणली."

"मग काय सांगितलंत तुम्ही?"

प्रत्येक टेस्टनंतर क्लासच्या भिंतीवर नंबरांची यादी लागते आणि पोरं आपलं नाव खालून शोधायला लागतात. सर त्या भिंतीखालून रोज ये-जा करतात.

"म्हणलं, तिथं यादी लागत न्हाई, बाळ."

इतकी वर्षं मी पहिल्या भेटीला येणाऱ्यांना थेरपी समजावून सांगतेय. मला पंधरा मिनिटं लागतात आणि तरी निम्मं कळत नाही. हल्ली मी सरांचंच वाक्य वापरते.