एडना बिसेलने लावलेली चाल

एडना बिसेल आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडायची आणि रविवारी आमच्या फर्नेस लेन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची. आई साखळ्या घडवणारी, नवराही साखळीच्याच कारखान्यात. तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्या क्रॅडली हीथमध्ये, इंग्लंडातल्या या साखळ्यांच्या गावात, अशा बायका पुष्कळ सापडतील. पण चॅपलच्या वर्धापनाला दर वर्षी नवी चाल लागायची, आणि ती दर वर्षी एडनाच लावायची. अशा बाईला चॅपलवाल्यांनी ऑर्गनच्या स्टुलावरून उठवलं. मी नॉर्मा टिमिन्स, तिच्या मागच्या रांगेत खालच्या पट्टीत गाणारी. मला अजून त्याचा राग येतो, आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

वर्धापन म्हणजे आमच्याकडे नाताळापेक्षा मोठा सण. मे महिन्यात चॅपलमध्ये छताला टेकेल असा पायऱ्यांचा मंच उभा राहायचा. पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली वर, मुलगे खाली, आम्ही बायका दोन्ही कडांना. चाल नवीकोरी हवी. त्या रविवारी गायली की संपली, पुढच्या वर्षी दुसरी. आणि गाण्याच्या कागदावर चाल लावणाऱ्याचं नाव नसायचं. चालीला जागेचं नाव द्यायचं, खाली साल. चाल देवाची, तिथे माणसाने कशाला मिरवायचं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यामुळे चाली येतात कुठून हा प्रश्न कारभाऱ्यांना कधी पडलाच नाही. बहुतेक त्यांना वाटायचं, दूध येतं तशा दाराशी येतात.

त्या मंचावर एके काळी क्लाइव्ह हिंगली नावाचा सतत नाक ओढणारा पोरगा बसायचा. पियानो तो एडनाकडेच शिकला. मोठा झाल्यावर त्याने कॉपर पीकॉक्स नावाचा बँड काढला आणि देशभर गाजला. तोंडाला चमकी, खांद्यांवर चंदेरी पंख, वीतभर टाचेचे बूट. गाणी सगळी एकाच जातीची. दोन दोन ड्रम धडाधड बडवायचे, बूट आपटायचे आणि फुटबॉलच्या मैदानावर ओरडतात तसं ओरडायचं. मला आवडायची ती गाणी. चॅपलमध्ये तसं बोलायची सोय नव्हती, एवढंच.

१९७४च्या हिवाळ्यात तो एडनाच्या घरी येऊन बसला. मी तिथेच करडे वाटाणे आणि बेकन खात होते.

"बाई, बूट आपटून आपटून कंटाळा आलाय," तो म्हणाला.

"मग काढ की पायातले. तुझ्या घोट्यांकडे बघवत नाही मला."

"तसं नाही हो. पुढच्या रेकॉर्डवर मला सगळं मोकळं करायचंय. संथ गाणी हवीत. बायकांचे आवाज, आपल्या चॅपलच्या शाळाखोलीतली पायपेटी. मॅनेजर म्हणतो, लोकांना धिंगाणा हवाय, तू उपाशी मरशील. पण लहानपणच्या एका वर्धापनाची चाल आहे, ती डोक्यातून जातच नाही. वडील गेले त्या वर्षीची."

त्याने ती गुणगुणून दाखवली. एडना भांडी घासत होती, ती थांबली.

"शेवटची ओळ चुकतोयस," ती म्हणाली. "शेवटी ती खाली उतरत नाही. वरच थांबते."

ती तयार झाली. तिने फक्त एवढी अट घातली, की चॅपलच्या कारभाऱ्याला विचारायचं. कारभारी म्हणजे हॉरेस डनॉप, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक. त्याने शाळाखोलीची किल्ली स्वतःच्या हाताने दिली आणि म्हणाला, "आपलाच पोरगा आहे, घ्या की वाजवून." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढे त्याला आठवेना.

रेकॉर्डिंगच्या दिवशी एडनाने त्या मोरांना शाळेतल्या पोरांसारखं ओळीत बसवलं. बॅझ नावाचा ड्रमवाला होता, तो सुरू झाला तशा खिडक्या थरथरल्या.

"बाळा, तुला कुणी मारलंय का?" एडनाने विचारलं.

"नाही, बाई."

"मग तू कुणाला मारतोयस?"

बॅझ रुसला. तासभर बाहेर सिगरेट ओढत बसला. मग आत येऊन त्याने बाकावरची गादी मांडीवर घेतली आणि तळहाताने हळू ठेका धरला. क्लाइव्हलाही तिने सोडलं नाही. "बाप गेल्याचं गाणं म्हणतोयस, आणि ओरडतोयस असा, की बस चुकली." तो हसला आणि पहिल्यांदा साध्या आवाजात गायला. मागून आम्ही बायका शब्दांशिवाय नुसत्या स्वरात, खाली एडनाची पेटी. गाणं संपलं तेव्हा बॅझ नाक पुसत होता. सर्दी आहे म्हणाला.

'लाँग वॉटर' नावाने ती रेकॉर्ड पुढच्या वसंतात आली. कॉपर पीकॉक्सला नाकं मुरडणारे लोकसुद्धा तिचं वेष्टन मांडीवर घेऊन ऐकत बसले. या पोरांच्या अंगात एवढं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आजही त्यांच्या बाकीच्या रेकॉर्डी लोक विसरलेत, ही एक विसरलेले नाहीत.

वेष्टनाच्या मागे त्या गाण्याखाली छापलं होतं, 'चाल: फर्नेस लेन'. बस, तेवढंच. लंडनच्या एखाद्या पोराने हे केलं असतं तर त्याने सरळ एडनाचं नाव घातलं असतं आणि पुढचं रामायण टळलं असतं. पण क्लाइव्ह आमच्यातला. चॅपलची रीत पाळावी, बाईंना बरं वाटेल, म्हणून त्याने जागेचं नाव दिलं. हॉरेसला ते रेकॉर्डच्या दुकानात दिसलं. पुढच्या बाजूला लाली लावलेले चार पुरुष आणि मागे आपल्या चॅपलचं नाव. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने सभासदांची सभा बोलावली. एडना आपला रविवारचा कोट घालून पहिल्या बाकावर बसली. क्लाइव्हही आला होता, चमकी नाही, वडिलांचा काळा सूट घालून. हॉरेस त्याला म्हणाला, "तू सभासद नाहीस, बाहेर थांब." मग तो पोरगा सगळा वेळ पडवीत उभा राहिला.

"आपल्या वाडवडिलांची पवित्र चाल या बाईने तमाशावाल्यांना दिली," हॉरेसने सुरुवात केली.

मी उठले. "वाडवडिलांची कसली? एडनाने लावलीय ती. दर वर्षीची तीच लावते."

"कागदावर तिचं नाव दाखव."

"नाव घालायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"म्हणजे नाही. मग चाल चॅपलची."

"हॉरेस, चाल तिची असेल तर तिने ती कुणालाही द्यावी. आणि चाल कुणाचीच नसेल तर तिने दिलं काय? आणि शाळाखोलीची किल्ली कुणी दिली, तेही सांग."

"नॉर्मा, खाली बस."

एडनाला त्याने विचारलं, काही म्हणायचंय का. ती म्हणाली, "मी तीस वर्षं वाजवतेय. मला वाजवू द्या, एवढंच म्हणायचंय." आवाज अगदी साधा होता. सभागृहात अशी एकही बाई नव्हती जिच्या लग्नात एडनाने वाजवलं नव्हतं. तरी तिच्याविरुद्ध हात वर झाले. कुणी हॉरेसच्या उधारीवर, कुणी त्याच्या घरात भाड्याने. बहुमताने तिला काढलं. ती उठली, ऑर्गनजवळ गेली, स्टुलावरची स्वतःच्या हाताने विणलेली उशी काढून काखेत घेतली आणि घरी गेली.

मे महिना जवळ आला. डडलीहून एक ऑर्गनवाला आणला. एप्रिलच्या शेवटी हॉरेसला कळलं की चाल नाही. डडलीवाला म्हणाला, "मी समोर ठेवाल ते वाजवतो, मला काय विचारता?" नवी चाल शिकवायला दिवसही उरले नव्हते. सगळ्या पोरांना आधीच पाठ असलेली एकच चाल होती, आणि ती त्यांना पाठ होती रेडिओमुळे.

हो, तीच. हॉरेसने तीच गायला लावली. मंचापुढे उभा राहून छाती काढून म्हणाला, "आपल्या चॅपलची जुनी चाल." चॅपल इतकं भरलं होतं की उंच टाचांचे बूट घातलेली पोरं-पोरी खिडक्यांत बसली होती. त्यांच्यातल्या कुणालाही त्याने बाहेर थांब म्हटलं नाही. एडना चौथ्या बाकावर बसून शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर गायली. मी मात्र संतापाने हातातल्या गाण्याच्या कागदाचा चोळामोळा केला.

बाहेर पडताना हॉरेसने तिला दारात गाठलं. वर्गणीच्या ताटल्या भरभरून आल्या होत्या, स्वारी खुशीत होती.

"एडना, झालं गेलं सोडून दे. पुढच्या वर्षीचं बघशील ना तू?"

"सभेपुढे उठवलंस, हॉरेस. सभेपुढेच बसव."

"ते कसं जमेल? लोक काय म्हणतील? तू आपली ये गुपचूप, सगळे समजून घेतील."

"मग राहू दे."

"अगं, पण चालीचं काय?"

"चाल मी दर जानेवारीत लावते," ती म्हणाली. "यंदाचीही तेव्हाच लावली होती. कालच क्लाइव्हला नेऊन दिली."

हॉरेसचा चेहरा पडला. "वर्धापनाची चाल त्या लोकांना? आणि खाली पुन्हा आपल्या चॅपलचं नाव?"

एडनाने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवून. "नाही," ती म्हणाली. "त्याला सांगितलंय मी, या वेळी जागेचं नाव घालू नकोस. एडना मेरी बिसेल असं घाल. पूर्ण."